डबीच्या तळाचं बटण

ज्या कुणी हे बटण डबीच्या बुडाला बसवलं, त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायची माझी फार इच्छा आहे. पोटभर वाढीन, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या पाटाखाली ठेवीन. तहान लागली की उठा, पाट उचला, पाणी प्या आणि पुन्हा बसा. दोन घासांत त्याला कळेल.

कॉम्प्युटरच्या बटणांशी माझा संबंध जुना आहे. इचलकरंजीत लोकांना कॉम्प्युटर हा शब्द नीट म्हणता येत नव्हता, तेव्हा दिगंबर उत्तुरे नावाच्या एका तरुण माणसाने मागांच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास काढला. त्या क्लासात मी आधी विद्यार्थिनी, मग शिक्षिका आणि मग त्यांची बायको झाले. गाव त्यांना सर म्हणायचं आणि मीही. लग्नानंतर 'अहो'वर यायला हवं होतं, पण जीभ वळली नाही. आज माझी सत्तरी जवळ आली तरी ते सरच आहेत.

तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे चांगली ऐसपैस पेटी. बटण दर्शनी, जुन्या रुपयाएवढं. दाबलं की टक् आवाज व्हायचा, हिरवा दिवा लागायचा आणि आतला पंखा घुरघुरायला लागायचा. पेटी टेबलाखाली असली की पोरं पायाच्या अंगठ्याने बटण दाबायची आणि सर चिडायचे, कारण विद्येला पाय लावायचा नाही. चपला बाहेर, खिडक्यांना हिरवे पडदे, आत गावातला एकमेव एसी. संध्याकाळी क्लास सुटला की सर एका टोकापासून मशीन बंद करत यायचे. पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची की आता बंद करायला हरकत नाही, मग टक्. शेवटच्या मशीनचा पंखा थांबला की खोली शांत व्हायची आणि बाहेरच्या मागांचा खडखडाट आत यायचा. त्या अंधारात आम्ही दोघं आपापल्या चपला शोधायचो. मुद्दाम वेळ लावून शोधायचो, आता सांगायला काय हरकत आहे.

पुढे पेट्या लहान होत गेल्या, तसं बटण फिरायला लागलं. आधी ते माथ्यावर गेलं, मग कुशीला, मग मागे वायरींच्या गुंत्यात. दिसायला नको म्हणे, शोभा जाते. मी मागवाल्याची मुलगी. मागाचं हँडल कामगाराच्या हाताशी असतं, कारण धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबला पाहिजे. माझे वडील कापडाच्या डिझाइनवर एक शब्द बोलायचे नाहीत, पण नवा माग आला की आधी हँडल कुठे आहे ते बघायचे. मलाही तीच खोड लागली.

आठ वर्षांपूर्वी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डाव्या मेंदूत बोलण्याचं केंद्र असतं आणि उजवा हात चालवणारं केंद्र त्याच्या शेजारीच असतं. त्यामुळे ही दोन दुखणी बहुतेक वेळा हात धरून येतात. सरांना ऐकलेलं सगळं कळत होतं, काय म्हणायचं तेही ठाऊक होतं, पण ते ओठांवर येईना. महिन्याभरात दोन-चार शब्द आले, तेही तुटके. गंमत म्हणजे आरती मात्र ते अख्खी म्हणायचे, एक अक्षर न अडखळता, कारण गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं. आरती संपली की पुन्हा मुके. ते बघवायचं नाही.

आमची मुलगी ऋजुता पुण्याला असते. तिनेच ही डबी आणली. नाव काहीतरी लांबलचक आहे, मी डबीच म्हणते. कॉम्प्युटरच आहे, पाव किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा, पण आतल्या बॅटरीमुळे वजनाला चांगला किलोभर. माणसाच्या गळ्याला एक मऊ पट्टा लावायचा. बोलायचा प्रयत्न केला की गळ्याचे स्नायू जे हलतात ते पट्टा टिपतो, डबीचा डोळा ओठ बघतो, आणि दोन्ही मिळून माणसाला काय म्हणायचं आहे ते डबी स्पष्ट मराठीत बोलून दाखवते.

ती हे शिकते कशी, ते मी क्लासच्या सवयीने समजून घेतलं. आमच्या जुन्या मशीनमध्ये गणित एकीकडे व्हायचं आणि आठवण दुसरीकडे साठायची. डबीच्या चिपमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी होतं. आत जेलीसारखा पातळ थर असतो, त्यातून विजेचे कण फिरतात. ज्या वाटेने ते वारंवार जातात ती वाट रुंद होत जाते, न वापरलेली बुजते, गवतातून पायवाट पडते तशी. म्हणून तिला सरांच्या खाणाखुणा सरांकडूनच शिकाव्या लागल्या. त्या वाटांची नक्कल करता येत नाही आणि त्या टिकायला बारीकसा प्रवाह सतत चालू लागतो. थोडक्यात, डबी कधीच बंद करायची नाही.

म्हणून बटण खाली. चुकून लागू नये म्हणून तळाच्या मधोमध एका खळग्यात. पुन्हा पडल्यावर बंद होऊ नये म्हणून डबी कलंडली की बटण काम करत नाही. म्हणजे डबी एका हाताने सरळ उचलून धरायची आणि दुसऱ्या हाताने खालून पंधरा सेकंद दाबायचं. मशीन एका हाताच्या माणसांसाठी, आणि बटण दोन हातांचं. मी बसवायला आलेल्या माणसाला हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, काकू, पण बंद करायचंच कशाला?

आवाजाची सोय मात्र फार छान होती. महासाथीत क्लास बंद पडला तेव्हा सरांनी घरी बसून धडे रेकॉर्ड केले होते. ऋजुताने ते सगळे डबीला ऐकवले. पहिल्या दिवशी डबी बोलली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि पन्नाशीतले सर बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "शैला, जरा इकडे ये." माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं. तो भरदार, थोडा चेष्टेखोर आवाज मी विसरत चालले होते, हे मला तेव्हा कळलं.

पहिलं वर्ष घोटाळ्यांचं गेलं. सरांना पाणी हवं असलं की डबी पेपर मागायची. तिसऱ्या वर्षी चुका संपल्या. मग डबी वाक्यं पुरी करायला लागली. सर "औ" म्हणाले की ती म्हणायची, "औषधाची वेळ झाली, पण आधी थोडं खायला दे, रिकाम्या पोटी जळजळतं." पुढे पुढे सरांना तेवढंही लागेना, नुसता गळा हलला की पुरे. वाटा इतक्या रुळल्या होत्या. शेजारपाजारचे लोक यायचे, डबीशी गप्पा मारायचे, जाताना सरांच्या पाया पडायचे.

मीही वेगळं काय करत होते? माझी खुर्ची हळूहळू सरांच्या समोरून सरकून डबीच्या समोर गेली. तो आवाज ऐकत भाजी निवडायला बरं वाटायचं. जुन्या गोष्टी निघायच्या, क्लासातली पोरं, अंगठ्याने बटण दाबणारा तो नाठाळ पाटील. एकदा दुपारी मी ऋजुताचा विषय काढला. आम्ही पुण्याला राहायला यावं, असं तिचं म्हणणं होतं. डबी म्हणाली, तिचंही बरोबर आहे, पण या वयात झाड उपटून लावू नये. मी काही बोलले, डबी हसली, चांगली अर्धा तास चर्चा झाली. उठताना पाहिलं तर सर खुर्चीत मान टाकून गाढ झोपले होते. श्वासाबरोबर गळ्याचा पट्टा हलत होता, आणि डबी त्यावर बोलत होती. मी ऋजुताला फोन करून हे सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. सर जागे होऊन माझ्याकडे बघत होते. ते हसले नाहीत, एवढं आठवतं.

या वर्षी दसऱ्याच्या आधी एका सकाळी सरांनी डबीकडे बोट केलं आणि कष्टाने "पू… जा" असा शब्द काढला. डबीने लगेच सजवून सांगितलं, "शैला, यंदा खंडेनवमीला मशीनची पूजा करू या, क्लासात करायचो तशी."

मला भरून आलं. खंडेनवमी म्हणजे आमच्या गावचा खरा सण. वर्षभर रात्रंदिवस खडखडणारे माग त्या दिवशी बंद. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्या हत्याराला एक दिवस विसावा द्यायचा, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. क्लासात आम्ही सगळ्या मशीनना झेंडूचे हार घालायचो. त्या दिवशी गावात इतकी शांतता असायची की लांबच्या देवळातली घंटा ऐकू यायची.

पाट सरांनी मांडला. डाव्या हाताने लाल कापड पसरलं, त्यावर तांदळाची रास केली, किती वेळ ती सारखी करत होते. मी पुढे झाले तर मला हाताने मागे सारलं. मग मी डबी दोन्ही हातांनी उचलून राशीवर ठेवली, हार घातला, कुंकू लावलं. सर आरती म्हणायला लागले. खणखणीत नाही, पण अख्खी, त्यांच्या स्वतःच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आवाजात. मी निरांजन ओवाळत होते. आरती संपली तेव्हा डबीचा निळा दिवा विझलेला होता.

उचलून पाहिलं तर बुडाच्या खळग्यात सुपारी बरोबर बसलेली. विड्यावरची सुपारी घरंगळून राशीत गेली असणार आणि मीच बघितलं नाही, अशी माझी समजूत झाली. किलोभराच्या वजनाने बटण आरतीभर दाबलं गेलं होतं. कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं की इतका वेळ दाबलं की डबीला आपोआप कुलूप लागतं, ते त्यांचा माणूसच उघडेल. वाटा दोन-तीन आठवडे तग धरतात, तेवढ्यात प्रवाह मिळाला तर जगतील, नाहीतर पुसून कोऱ्या. सुट्ट्या संपल्या की कोल्हापूरहून इंजिनियर येईल.

ते दिवस अवघड गेले. सर "खि" म्हणाले की मी म्हणायची, "खिडकी? खिचडी? खिळा?" मी अंदाजांचा पाऊस पाडायची, आणि ते चिडून वाटी आपटायचे. एकदा तर त्यांनी डावा हात सरळ माझ्या तोंडावर ठेवला. मला राग आला, आणि मग एकदम क्लास आठवला. मी नवी शिक्षिका झाले तेव्हा त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता. मुलाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याला अक्षर सापडेपर्यंत आपण आपले हात मांडीखाली घेऊन बसायचं, मग तास संपला तरी चालेल. मी खुर्ची पुन्हा त्यांच्या समोर आणली आणि हात मांडीखाली घेतले.

मग शब्द यायला लागले. एका सकाळचा निम्मा वेळ घेऊन त्यांनी सांगितलं की क्लास होता त्या गल्लीत जायचं आहे. रिक्षा करून गेलो. तिथे आता गाड्या चार्ज करण्याची जागा आहे. सर काठी टेकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, आणि दर दोन-चार पावलांवर थांबून, काठी पोटाशी टेकवून, डाव्या हाताचं बोट हवेत दाबत राहिले. एकेक मशीन बंद करत. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला चपला शोधायची ती वेळ अशी काही आठवली की रस्त्यातच डोळे पुसावे लागले.

त्याच संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. ती काळजीत होती. छातीत दुखायला लागलं तर बाबा सांगणार कसे, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. डबी सुरू होईपर्यंत पुण्याला या, म्हणाली. मला रडू फुटलं. सगळं माझ्या आंधळेपणाने झालं, सुपारी मला दिसली नाही, असं मी तिला सांगत होते. फोन ठेवला तेव्हा सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

"मी," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द आला. "सुपारी… मी."

कळायला मला क्षणभर लागलं. राशीत सुपारी त्यांनी पुरली होती, बरोबर मधोमध. डबी सरळ उचलून धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून माझे दोन हात त्यांनी वापरून घेतले होते. मी चिडले. आठ वर्षांची मेहनत, ऋजुताची काळजी, आणि हा माणूस देवाच्या नावाखाली कारस्थान करतो? मी उठून आत गेले आणि बराच वेळ भांडी घासत राहिले. मग बाहेर आले, समोर बसले, आणि का केलंत, एवढंच विचारलं.

त्यांनी खूप वेळ घेतला. "ती… आधी. मी… मागं." मग माझ्याकडे बोट केलं आणि डबीच्या रिकाम्या जागेकडे. "तू… तिकडं."

मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, मी म्हटलं, "सर, तो आवाज मला आवडतो हो. तुमचाच तर आहे."

"होता," ते म्हणाले. हा शब्द लगेच आला.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी फरजाना मोमीन नावाची इंजिनियर बाई आली. चाळिशीची, शांत. तिने डबी तपासली आणि वाटा अजून जिवंत आहेत म्हणाली, आज प्रवाह दिला तर सगळं पूर्वीसारखं होईल. ऋजुता फोनवर होती, ती लगेच हो म्हणाली. फरजानाने नकारार्थी मान हलवली. रुग्णाची संमती हवी, म्हणाली. याआधीच्या प्रत्येक भेटीत ती संमती डबीनेच दिली होती. आता ती सरांकडे वळून बसली. ऋजुता काही बोलायला गेली, तिला मी गप्प केलं. मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर त्या आवाजाला मी कायमची मुकले असते, आणि हो म्हणाले असते तर कदाचित त्यांना.

"चालू… करा," सर म्हणाले. आम्ही थांबलो, कारण त्यांचा चेहरा अजून संपला नव्हता. "बटण… पुढं. डावीकडं."

फरजाना थोडा वेळ डबी हातात फिरवत राहिली. तिच्याकडे असे कितीतरी रुग्ण आहेत, म्हणाली, आणि बहुतेकांचा उजवा हात गेलेला आहे. पण ही तक्रार कुणी केली नव्हती. तक्रार डबीच सांगणार, मग ती कशाला सांगेल? असा बदल कंपनीच्या नियमात बसत नाही, हेही तिने सांगितलं. मग मला विचारलं की कोपऱ्यावर इलेक्ट्रिकचं दुकान आहे का.

मी दारावरच्या बेलचं साधं पांढरं बटण घेऊन आले. तिने डबीला पुढून भोक पाडलं आणि आतून दोन वायरी काढून बटणाला जोडल्या. दाबलं की डबी गप्प होईल, पुन्हा दाबलं की बोलेल, आणि आतला प्रवाह दोन्ही वेळी चालू राहील, म्हणजे वाटाही बुजणार नाहीत आणि अडीनडीला डबी हाताशी असेल. इतकी सोपी गोष्ट. दिसायला मात्र ते काम अगदी ओबडधोबड झालं, कंपनीच्या माणसांनी डोळे मिटून घेतले असते.

तिने कुलूप उघडलं. निळा दिवा लागला, सरांच्या गळ्याचा पट्टा हलला, आणि पन्नाशीतले सर म्हणाले, "शैला, किती दिवस झाले ग. दमलीस का?"

माझं तोंड आपोआप डबीकडे वळलं.

टक् असा आवाज झाला. सरांनी डाव्या हाताने बटण दाबलं होतं. खोली शांत झाली. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ शब्द शोधत होते. मी त्यांच्याकडे पुरती वळून बसले आणि थांबले.

"शैले," ते म्हणाले. "तू… म्हातारी… झालीस की."

फरजाना आपली हत्यारं बॅगेत भरायला लागली. माझा हात केसांकडे गेला. डबीने आठ वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी डबीकडे बघत म्हातारी होत असताना मला रोज कुणी पाहिलं होतं, तेही मला आता कळलं. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"एवढी वर्षं बघत होतात, सर," मी म्हटलं, "तर सांगायचं तरी आधी."

त्यांनी सावकाश, एकेक शब्द हुडकून उत्तर दिलं.

"बटण… खाली… होतं."